मंदारचा पत्ता बदलताना: बडोदा ते पुणे, पालकत्वाच्या एका कागदासाठी साडेआठ महिने

आई गेली तेव्हा मंदार अडतीस वर्षांचा होता. तो आमच्या घरातलं शेंडेफळ, जन्मापासून बौद्धिक अक्षमता असलेला. बडोद्यात दांडिया बाजारच्या जुन्या घरात तो आणि आई असे दोघंच राहायचे, कारण बाबा २०१६ मध्येच गेले. मी लग्न होऊन पुण्यात आले त्याला पंचवीस वर्षं झाली. मधला भाऊ निखिल बंगळूरला. मंदारची सगळी कागदपत्रं गुजरातची, मी महाराष्ट्रात आणि दुसरा भाऊ कर्नाटकात. आईनंतर मंदारचं कसं, हा विषय निघाला की आम्ही तिघंही "बघू पुढे" म्हणायचो. ९ जानेवारी २०२४ ला आई गेली आणि बघायची वेळ आली.

तेव्हापासून मंदारच्या कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत साडेआठ महिने गेले. या काळात रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या अनेकदा वाटायचं, यातून गेलेलं कोणीतरी भेटायला हवं होतं. म्हणून तारखा, खर्च, चुका यांसकट सगळं लिहिते आहे.

आईचे दिवस चालू असतानाच उत्तरायण आलं. बडोद्यात त्या दिवशी घरात कोणी थांबत नाही, सगळं गाव गच्चीवर असतं. मंदार दर वर्षी शेजारच्या मुलांची फिरकी धरायचा. या वेळी तो खिडकीशी उभा राहून पतंग मोजत होता. मधेच वळून म्हणाला, "ताई, आई आली की वर जाऊ." मी त्याला तोवर तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

तेराव्यानंतर बँकेत गेलो. मंदारच्या नावाचं खातं होतं, दोन मुदतठेवी होत्या आणि सगळे व्यवहार आईच्या सहीने चालायचे. मॅनेजर चांगले होते, आईला ओळखायचे. मी सख्खी बहीण असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बहीण आहात हे मला माहीत आहे, पण पालक कोण? कागद आहे का?" तेव्हा कळलं की मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, मूल मंदारसारखं असलं तरी. आईकडेही असा कागद नव्हता. बँकेने वीस वर्षं ओळखीवर निभावून नेलं होतं आणि ती ओळख आईबरोबर संपली.

इथे माझ्या हातून पहिली चूक झाली. कोणीतरी एक एजंट सुचवला. तो म्हणाला, मंदारकडून तुमच्या नावाने मुखत्यारपत्र करून घेऊ, अंगठा चालतो, आठ दिवसांत काम होईल. मी साडेतीन हजार रुपये दिले आणि त्याने मुखत्यारपत्र करूनही दिलं. पुण्यात आल्यावर मिस्टरांच्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवलं, तर त्यांनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मुखत्यारपत्र देणाऱ्याला आपण काय देतोय हे समजायला हवं. मंदारला ते समजतं का?" समजत नाही. मग त्या कागदाला अर्थच नव्हता. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते पुष्कळ घरांच्या उपयोगाचं आहे. धडधाकट असताना आईवडिलांनी मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवलं आणि पुढे त्यांनाच समजेनासं झालं, तर तेही तिथेच संपतं. करार कायद्याच्या २०१ व्या कलमात तसं लिहिलेलं आहे.

आम्हाला लागू होता तो राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ सालचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चारांपैकी काही असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीला पालक नेमून देण्याचा अधिकार या कायद्याने जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला दिला आहे. समितीत जिल्हाधिकारी, या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अर्जासाठी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही.

पण समिती कुठल्या जिल्ह्याची? आमचं घोडं इथेच अडलं.

अण्णाकाका बडोद्यातच असतात. ते म्हणाले, "कागद इथले, घर इथलं, बँक इथली. इथेच अर्ज करा, हवं तर मी पालक म्हणून सही करतो." ऐकायला सोपं वाटत होतं. तिकडच्या एका कार्यालयात मी चौकशीला गेले तर टेबलावरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "तो राहणार कुठे?" समिती त्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाचं काम बघते. घरी येऊन चौकशी करते, पुढे दर वर्षी हिशोब मागते. अर्ज बडोद्यात करून मंदारला पुण्यात नेलं असतं तर चौकशी कोणाची आणि कुठे होणार? काका पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांच्या नावाने पालकत्व घेतलं असतं तर काही वर्षांत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण त्यांच्या त्या एका प्रश्नाने आमचा क्रम बदलला. आम्ही कागदांपासून सुरुवात करत होतो. आधी ठरवायचं होतं मंदारच्या राहण्याचं.

ते ठरवणं फार जड गेलं. निखिलचं म्हणणं होतं की मंदारला बडोद्यातल्याच एखाद्या निवासी संस्थेत ठेवावं. तिथली भाषा, रस्ते, माणसं त्याच्या ओळखीची आहेत. मला वाटत होतं, आई गेल्यावर लगेच त्याने परक्या माणसांत झोपू नये. फोनवर दोन-तीनदा आवाज चढले. एकदा निखिल म्हणाला, "ताई, तू ठरवून टाकलं आहेस आणि माझ्याकडे फक्त सही मागते आहेस." ते मला लागलं, कारण ते बरंचसं खरं होतं. पुढे मे महिन्यात तो चार दिवस सुट्टी काढून पुण्याला आला, मंदारच्या खोलीत त्याच्याबरोबर झोपला, सकाळी त्याला घेऊन फिरायला गेला. जाताना म्हणाला, "कागद पाठव, सही करतो." ज्यांच्या घरात भावंडं वेगवेगळ्या राज्यांत आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ना-हरकतीचा मसुदा कुरियरने पाठवण्याआधी त्या भावंडाला घरी बोलवा. चार दिवस राहू द्या.

२४ फेब्रुवारीला, शनिवारी, मंदारला घेऊन आम्ही पुण्यात आलो. सिंहगड रोडवर तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. पहिल्या रात्री तो पहाटे पाचला उठला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या रांगेत लावून भरू लागला. बडोद्याला पाचला पाणी यायचं आणि बाटल्या भरायचं काम आईने त्याच्याकडे दिलेलं होतं. आमच्याकडे चोवीस तास टाकीचं पाणी आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. ते काम आजही त्याचंच आहे.

११ मार्चला पुणे स्टेशनजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात पहिली चौकशी केली. अर्जाचा 'नमुना अ' मिळाला, सोबत काय काय लागेल ते एका कागदावर लिहून घेतलं. पाच दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. निवडणुकीत जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा निवडणूक अधिकारी. पुण्याचं मतदान १३ मेला, निकाल ४ जूनला. तोपर्यंत समितीची बैठक होणं अवघड आहे, असं तिथल्या भाऊसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. मी तिथेच बाकावर बसले. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि म्हणाले, "मॅडम, तोवर आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्र करून घ्या. त्यालाही तेवढाच वेळ लागतो." त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

आधारवरचा पत्ता बडोद्याचा होता. पुण्याच्या पत्त्याचा मंदारच्या नावाचा एकही पुरावा नव्हता. वीजबिल आमच्या नावाचं, भाडेकरार असण्याचा प्रश्नच नाही. कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आधारने २०२३ च्या सुरुवातीपासून दिली आहे, ती इथे उपयोगी पडली. कुटुंबप्रमुख म्हणून मी. अर्ज ऑनलाइन, फी तेव्हा ५० रुपये होती. अर्ज केला की एक क्रमांक मिळतो आणि कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांच्या आत आपल्या आधारवरून होकार द्यायचा असतो. सोपं आहे, फक्त मंदारच्या आधारला जोडलेला मोबाइल आईचा होता आणि ओटीपी त्यावरच येणार होता.

आणि ते सिम बंद करून टाकावं असं आमचं जानेवारीतच ठरलं होतं. निखिलने तसं म्हटलंही होतं. केवळ धावपळीत ते राहून गेलं. घरातलं माणूस गेलं की त्याचा मोबाइल नंबर वर्षभर तरी बंद करू नका, रिचार्ज करत राहा, हे मी आता भेटेल त्याला सांगते. मंदारचं आधार, बँक, पेन्शन, गॅस, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं होतं. आईचा तो बटणांचा फोन मी आठ महिने चार्ज करून देवघराशेजारी ठेवला होता. अधूनमधून तो वाजायचा. तिच्या भजनी मंडळातल्या एखादीला कळलेलं नसायचं. मग मी सांगायचे आणि पलीकडे शांतता व्हायची.

दिव्यांग प्रमाणपत्र २००६ सालचं होतं, हाताने लिहिलेलं, शिक्का पुसट. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं, त्याला जोडूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं आणि ते देशभर चालतं. एप्रिलमध्ये नव्या पत्त्यावर अर्ज केला. मे महिन्यात सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी दोन खेपा झाल्या. मानसशास्त्रज्ञ बाईंनी मंदारला ठोकळे दिले, चित्रं दाखवली आणि मला विचारलं की तो काय काय एकट्याने करतो. अशा वेळी आपल्या माणसाचं कौतुक सांगायची ओढ लागते. मीही सुरुवात तशीच केली. त्या म्हणाल्या, "चांगल्या दिवसाचं सांगू नका, रोजचं सांगा." मग सांगितलं, शर्टाची बटणं लावतो पण चुकीच्या काजात, दहा रुपये ओळखतो पण सुटे किती परत यायला हवेत ते कळत नाही, रस्ता एकट्याने ओलांडत नाही. ७५ टक्के अक्षमता नोंदवली गेली. प्रमाणपत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवरून उतरवून घेता आलं, कार्ड जुलैत टपालाने आलं.

६ जूनला आचारसंहिता उठली आणि १२ जूनला अर्ज दाखल केला. आवक क्रमांकाची पोच घेतली. सोबत मंदारचं दिव्यांग प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, बदललेलं आधार, दोघांचे फोटो, आईबाबांचे मृत्यूचे दाखले, माझी पालक व्हायची लेखी संमती, निखिलचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. निखिलने प्रतिज्ञापत्र बंगळूरला तिथल्या ई-स्टॅम्पवर नोटरीपुढे केलं. दुसऱ्या राज्यातला नोटरी इथे चालतो का, अशी मला धास्ती होती. नोटरींचा कायदा केंद्राचा आहे, इथे कोणी हरकत घेतली नाही. मूळ प्रत मात्र हवी, व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर भागत नाही.

दोन गोष्टींवर अर्ज तरीही परत आला.

पहिली, माझं आडनाव. मंदारच्या जन्मदाखल्यावर बाबांचं नाव, माझ्या आधारवर नवऱ्याचं. सख्खी बहीण कशावरून? १९९८ साली लग्न झालं तेव्हा आम्ही विवाहनोंदणी केलेली नव्हती. आता राजपत्रात जाहिरात द्यावी लागणार म्हणून मी हबकले होते. मिस्टरांना पासपोर्ट आठवला. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं, तिन्ही नावं होती. त्याची प्रत आणि माझा बडोद्याच्या शाळेचा दाखला जोडला, काम झालं. लग्नानंतर दुसऱ्या राज्यात गेलेल्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी, गुजराती. जन्माचा दाखला आणि मंदारच्या विशेष शाळेचा दाखला गुजरातीत होते. आम्ही दोन्ही लिप्यांत वाढलेलो, त्यामुळे त्या कागदावर शिरोरेषा नाहीत हे मला कधी जाणवलंच नव्हतं. टेबलापलीकडे बसलेल्या तरुण मुलाने तो दाखला उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला आणि "मॅडम, यातलं मला फक्त शिक्क्यातलं इंग्रजी कळतंय" म्हणाला. त्याची अडचण अगदी खरी होती. पुण्यात गुजराती भाषांतर करून देणारे मिळतात. आम्हाला पानाला ३०० रुपये पडले, आठ पानांचे २४०० झाले, शिवाय नोटरी. नावाची अक्षरं आधारवर आहेत तशीच भाषांतरात येताहेत ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः तपासा. आमच्या पहिल्या मसुद्यात मंदारचा 'मन्दर' झाला होता.

२० जूनला दुरुस्त अर्ज स्वीकारला गेला. दहा दिवसांनी पुण्यात पालख्या आल्या. मंदारला गर्दीची भीती वाटते, पण टाळ वाजले की तो थांबतो. आम्ही त्याला लांबून दर्शन घडवलं.

गृहभेट २५ जुलैला ठरली होती. त्याच पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि सिंहगड रोडवर एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. आमच्या भागात रस्ता बंद, वीज गेलेली. भेट रद्द झाल्याचा फोन आला. १ ऑगस्टला समितीतल्या संस्थेच्या समाजसेविका आल्या. त्यांनी मंदारची खोली पाहिली, औषधांचा डबा पाहिला, तो दिवसभर काय करतो ते विचारलं. मग मला बाहेर जायला सांगून दहा मिनिटं त्याच्याशी एकटीने बोलल्या. मी जिन्यात उभी होते. त्यांनी काय विचारलं ते मला आजही माहीत नाही आणि तसंच असायला हवं.

बैठक २९ ऑगस्टला झाली. सकाळी दहाला बोलावलं होतं, आमचा नंबर पावणेदोनला लागला. मंदारसाठी बिस्किटं, पाण्याची बाटली आणि त्याची वायरची पिशवी घेतली होती. कोणी अशा माणसाला घेऊन जाणार असेल तर डबा न्याच.

बाहेर बाकावर एक बाई भेटल्या. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. आई नाशिकला, लेक पुण्यात, भाऊ हैदराबादला. आईच्या उपचारासाठी तिचीच मुदतठेव मोडायची आहे आणि बँक पालकत्वाचा कागद मागते. कोणीतरी त्यांना या समितीकडे धाडलं होतं. त्यांचं काम इथे होणार नव्हतं, कारण स्मृतिभ्रंश आणि कोमा हे राष्ट्रीय न्यास कायद्याच्या चार प्रकारांत बसत नाहीत. मी घरी येऊन वकीलबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालय व्यवस्था लावून देऊ शकत असे. त्या जागी २०१७ चा कायदा आला, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्यात ही तरतूदच नाही. उपचारांच्या निर्णयासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, पैशांचं मात्र त्यात काही नाही. त्यामुळे अशी घरं राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जातात. कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, मुंबई उच्च न्यायालयानेही असे पालक नेमले आहेत. मी हे सगळं त्या बाईंना फोन करून सांगितलं. ज्यांच्या घरी वयस्क आईवडील आहेत त्यांनी बँकखाती 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीने संयुक्त करणं आणि वारसनोंद करणं, हे ते भानावर आहेत तोवरच उरकावं.

आमचा पुकारा झाला. लांब टेबल, त्यामागे तिघं, बाजूला फायली. जिल्हाधिकाऱ्यांनी मला उत्पन्न, घर, मुलं, नवऱ्याची संमती विचारली. पुढे मालमत्तेचं. बडोद्याचं घर आईच्या नावाचं, वारस आम्ही तिघं, त्यात मंदारचा तिसरा हिस्सा. विकायचा विचार नाही, असं मी सांगितलं. वकीलबाईंचा सल्लाच तसा होता. पालकत्व मिळालं म्हणून त्याच्या हिश्श्याला लगेच हात लावू नका, विकायची वेळ आलीच तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घेऊन.

मग टेबलाच्या टोकाला चाकाच्या खुर्चीत बसलेले सदस्य बोलले. ते समितीतले दिव्यांग प्रतिनिधी. तोवर त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. ते माझ्याशी बोललेच नाहीत. खुर्ची थोडी पुढे घेऊन त्यांनी विचारलं, "मंदार, तुला कुठे राहायला आवडतं?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याने उत्तर काढू नये म्हणून मी मान खाली घातली. त्याची चप्पल दिसत होती, डाव्या पायाचा अंगठा वरखाली होत होता. बराच वेळ गेला. कोणीही घाई केली नाही.

"ताईकडे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "दिवाळीला बडोदे."

ते सदस्य माझ्याकडे वळले. "नेणार ना दिवाळीला?"

मी हो म्हटलं. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला नव्हता, हे मला नंतर समजलं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या १४ व्या कलमात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, म्हणजे पालकाने त्या माणसाबरोबर, त्याच्या इच्छेनुसार, दोघांच्या विश्वासावर निर्णय घ्यायचे. आमचं प्रमाणपत्र दुसऱ्या कायद्याखालचं, तरी त्या दिवसापासून मी मंदारच्या बाबतीतलं काहीही ठरवण्यापूर्वी त्याला विचारते. आधी मी फक्त सांगत असे. साडेसात महिने मी त्याच्यासाठी पळत होते आणि 'तुला कुठे राहायचं आहे' हे त्याला शब्दांत एकदाही विचारलं नव्हतं.

गणपती झाल्यावर, २४ सप्टेंबरला प्रमाणपत्र मिळालं. एक पान. मी तिथेच पाच रंगीत झेरॉक्स काढल्या.

दिवाळीला, कबूल केल्याप्रमाणे, बडोद्याला गेलो. २८ ऑक्टोबरला बँकेत प्रमाणपत्र दिलं. नव्याने आलेल्या अधिकाऱ्यांनी कोर्टाचा आदेश मागितला. या कायद्याखाली स्थानिक स्तर समितीने दिलेलं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. ती सूचना मी छापून नेली होती, ती पुढे केली. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन केला आणि तासाभरात काम मार्गी लागलं. प्रमाणपत्र पुण्याचं असल्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही, कायदा केंद्राचा आहे.

कुटुंब निवृत्तिवेतनाला मात्र वेळ लागला. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्यानंतर ते आईला मिळायचं आणि आईनंतर, स्वतः कमवू न शकणारं दिव्यांग मूल म्हणून, मंदारला आयुष्यभर. पण त्याचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी-आदेशात, घातलेलंच नव्हतं. आईबाबा हयात असताना ते घालून घेता येतं, एक अर्ज आणि दिव्यांग प्रमाणपत्र एवढंच लागतं. आमच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. एकदा फाईल सापडेना म्हणून सगळा संच पुन्हा पाठवावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेन्शन सुरू झालं, १० जानेवारी २०२४ पासूनच्या थकबाकीसह. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी सरकारी पेन्शनर आणि दिव्यांग मूल असेल, तर उद्याच पीपीओ उघडून बघा.

खर्चाचं थोडक्यात. भाषांतर २४००, प्रतिज्ञापत्रं, नोटरी आणि कुरियर मिळून साधारण १८५०, वकीलबाईंनी एकदाच २००० घेतले, ते मुखत्यारपत्राचे वाया गेलेले ३५००. बाकी सगळा बडोद्याच्या तीन खेपांचा प्रवास. जिल्हाधिकारी कार्यालयात माझे अकरा हेलपाटे झाले. नोकरी करणाऱ्यांनी रजा तशी राखून ठेवावी.

प्रमाणपत्र मिळाल्यावर काम संपत नाही, हे आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मंदारच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते: घरातला हिस्सा, ठेवी, खात्यातली रक्कम, देणी-घेणी. आणि दर वर्षी ३१ मार्चनंतर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च. प्रमाणपत्र माझ्या एकटीच्या नावाचं आहे. मला काही झालं तर निखिलला नव्याने अर्ज करावा लागेल, म्हणून त्याची तशी संमती आणि सगळ्या कागदांचा एक संच त्याच्याकडे बंगळूरला ठेवला आहे.

हिशोबाची मला भीती होती. मग बडोद्याच्या कपाटात आईची एक लांबट वही सापडली, पुठ्ठ्यावर 'मंदार' एवढंच लिहिलेलं. २००४ पासून तिने त्याचा खर्च महिन्यावार मांडला होता. औषध, चप्पल, केस कापणे, पतंग, दोरा. शेवटची नोंद ६ जानेवारी २०२४ ची, 'तिळाची चिक्की ४०'. त्याच्या खाली रेघ मारून मी पुढचा खर्च लिहायला लागले.

पहिला वार्षिक हिशोब २३ जून २०२५ ला दिला. भाऊसाहेब पानं उलटत एका ओळीवर थांबले. "बडोदा, जाऊन येऊन, हा प्रवास कशासाठी?" मी सांगितलं, बैठकीत कबूल केलं होतं. त्यांनी मान हलवली, शिक्का मारला, पोच दिली.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. गेल्या सोमवारी सकाळी आठच्या आधीच मंदार माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता. तिकिटं निघाली. खिडकीची जागा मिळाली का, ते त्याने दोनदा विचारून घेतलं आणि मग बाटल्या भरायला गेला.